इंग्रजीतील ‘उद्या’चे व्याकरण

इंग्रजी भाषेला भविष्यकाळ नाही, असे कोणी म्हटले तर शाळेत बारा काळांचा तक्ता घोकलेला मराठी माणूस त्याला वेड्यात काढील. ‘आय शॅल गो, वुई शॅल गो, यू विल गो, ही विल गो’ ही सारणी आपल्यापैकी अनेकांनी पाढ्यांसारखी पाठ केलेली असते. परंतु गेल्या काही दशकांतील इंग्रजीची दोन मोठी आणि अभ्यासकांत प्रमाण मानली गेलेली व्याकरणे नेमके हेच सांगतात. एक रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९८५चे. दुसरे रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांचे, २००२चे. त्यांचे म्हणणे साधे आहे. काळ म्हणजे क्रियापदाच्या रूपातच होणारा बदल. ‘गो’चे ‘वेंट’ होते, ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते. पण उद्यासाठी असे स्वतंत्र रूप इंग्रजी क्रियापदाकडे नाही. मराठीत ‘जातो’, ‘गेलो’, ‘जाईन’ अशी तीन रूपे हाताशी असतात. इंग्रजीत तिसरा खण रिकामाच आहे.

मग इंग्रज माणूस उद्याविषयी बोलतो तरी कसा? उसनवारी करून. इच्छा, कर्तव्य, चालणे, ठरवणे अशा निरनिराळ्या अर्थांचे शब्द आणि रूपे त्याने भविष्याच्या कामाला लावली आहेत. त्या प्रत्येकाला आपल्या मूळ अर्थाचा वास अजून आहे. म्हणून इंग्रजीत उद्याची गोष्ट सांगताना ती केव्हा घडणार एवढेच कळत नाही. बोलणाऱ्याने ती आधी ठरवली होती की आत्ता ठरवली, तो अंदाज करतो आहे की वचन देतो आहे, हेही कळते. ‘भविष्यकाळ म्हणजे विल’ एवढेच शिकलेला विद्यार्थी सगळीकडे ‘विल’ घालतो. त्याचे वाक्य व्याकरणात क्वचितच चुकते. पण ऐकणाऱ्याला भलताच अर्थ लागतो, आणि तो तसा लागला आहे हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते.

उसनवारीचा इतिहास मनोरंजक आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भविष्यासाठी साधा वर्तमानकाळच वापरीत. ‘विल’ हे तेव्हा स्वतंत्र क्रियापद होते आणि त्याचा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. मृत्युपत्राला इंग्रजीत ‘विल’ म्हणतात ते याच अर्थाने. आपल्याकडचा ‘इच्छापत्र’ हा शब्दही तेच सांगतो. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत ‘इश विल’ म्हणजे आजही ‘मला हवे आहे’, ‘मी करीन’ नव्हे; इंग्रजीच्या सवयीने जर्मन शिकायला बसलेले विद्यार्थी पहिल्या काही दिवसांत इथेच अडखळतात. ‘शॅल’चा मूळ अर्थ ‘देणे लागणे’. कर्ज आणि दोष या दोन्हींसाठी जर्मनमध्ये असलेला ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे एकात इच्छा, दुसऱ्यात बंधन. तिसरा प्रकार ‘गोइंग टू’चा. कशासाठी तरी निघालेला माणूस ते करणारच, या साध्या निरीक्षणातून तो जन्माला आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याची चाहूल लागते आणि सतराव्या शतकात तो रुळतो.

आता ‘शॅल’ आणि ‘विल’च्या त्या प्रसिद्ध सारणीकडे वळू. ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सर्वांना ‘विल’; निर्धार किंवा आज्ञा दाखवायची असेल तर याच्या उलट. हा नियम लोकांच्या बोलण्यातून जसाच्या तसा उचललेला नव्हता. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिन भाषेत, आणि त्यात हा भेद मांडला. अनंतासाठी वापरले जाणारे आडव्या आठच्या आकाराचे चिन्हही याच वॉलिसचे. पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी नियम पक्का केला आणि शाळामास्तरांनी तो मुलांच्या डोक्यात भरला. तो पटवण्यासाठी एक विनोदही सांगितला जाई. पाण्यात पडलेला एक परदेशी मनुष्य ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचे होते की, ‘मी बुडतोय, मला कोणी वाचवणार नाही’. पण सारणीच्या हिशेबाने अर्थ झाला, ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवता कामा नये.’ काठावरचे सभ्य इंग्रज मग त्याच्या इच्छेला मान देतात.

विनोद चांगला असला तरी स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतील लोकांनी हा नियम कधी मनापासून मानला नाही. खुद्द इंग्लंडमध्येही तो आता मागे पडला आहे. त्याला बोलीतली एक सोयही कारणीभूत झाली. ‘आय शॅल’ काय किंवा ‘आय विल’ काय, भरभर बोलताना दोहोंचे ‘आय’ल’ होते. कानाला फरकच उरत नाही, तर तो पाळणार कोण? आज ‘आय विल’ म्हटल्याने कोणी बुडत नाही. आपल्याकडे मात्र तर्खडकरांची भाषांतरमाला आणि रेन-मार्टिनचे व्याकरण यांवर पोसलेल्या पिढ्यांनी ती सारणी जपली, आणि काही शिकवण्यांत ती अजूनही फळ्यावर दिसते. तिच्यावर घालवलेला तास वाया जातो असे माझे स्पष्ट मत आहे.

‘शॅल’ नाहीसे झाले असे मात्र नाही. ते दोन ठिकाणी घट्ट बसले आहे. पहिले ठिकाण विचारणेचे. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडू का?’ आणि ‘शॅल वुई गो?’ म्हणजे ‘निघू या का?’ मराठीतील हे ‘उघडू का’, ‘निघू या’ ज्याच्या तोंडी आहे, त्याला ‘शॅल’चा हा उपयोग वेगळा शिकवावा लागत नाही, नुसते बोट दाखवले की पुरते. दुसरे ठिकाण कायद्याचे. भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात ‘शॅल’ पानोपानी भेटते, आणि ते भविष्यकथन नसून बंधन असते. समानतेविषयीचा चौदावा अनुच्छेद राज्यसंस्थेवर बंधन घालतो ते ‘शॅल नॉट’ या शब्दांत. मराठी पाठात तेथे ‘नाकारणार नाही’ अशी रचना आहे, तीही रूपाने भविष्याची आणि अर्थाने आज्ञेची. पण हे ‘शॅल’ दर वेळी सक्तीचेच मानायचे की कधी कधी केवळ मार्गदर्शक, यावर आपल्या न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. या संदिग्धतेला कंटाळून दक्षिण आफ्रिकेने १९९६च्या आपल्या संविधानात ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ वापरले. अमेरिकेतील संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ साली नव्याने लिहिले गेले, तेव्हा त्यांतूनही ‘शॅल’ काढून टाकण्यात आले.

रोजच्या वापरातला खरा पेच आहे तो ‘विल’, ‘गोइंग टू’ आणि वर्तमानकाळाची दोन रूपे यांच्यात निवड करण्याचा. इथे मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही, कारण असाच पेच तो स्वतःच्या भाषेत दिवसातून पन्नासदा विनासायास सोडवतो. लग्नघराचा यजमान फोन करून विचारतो, ‘येणार ना?’ एक जण म्हणतो ‘येईन’, दुसरा म्हणतो ‘येणार आहे’, तिसरा म्हणतो ‘येतोय’. ताटांचा हिशेब करणारा यजमान पहिल्याला अर्धे धरतो, दुसऱ्याला धरतो आणि तिसऱ्यासाठी राहण्याची सोय पाहू लागतो. काळ तिघांचाही एकच आहे. फरक आहे तो ठरण्यात.

इंग्रजीतही असेच आहे. फोन वाजला आणि आपण उठलो, तर ‘आय’ल गेट इट’. निर्णय त्या क्षणी झाला. उपाहारगृहात यादी पाहून ‘आय’ल हॅव कॉफी’ म्हणायचे, कारण निवड आत्ता होते आहे. याच जागी ‘आय ॲम गोइंग टू हॅव कॉफी’ म्हटले, तर कॉफी घ्यायची हे घरून ठरवून निघालो होतो असा सूर लागतो. ‘गोइंग टू’ म्हणजे आधीच केलेला निश्चय. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत पुढच्या शिक्षणाविषयी विचारले असता उमेदवार ‘आय विल डू एमबीए’ एवढेच म्हणाला, तर प्रश्न ऐकल्यावर आत्ताच सुचलेले उत्तर तो देतो आहे असे वाटू शकते. ‘आय ॲम गोइंग टू डू एमबीए’मध्ये विचार पूर्वी झालेला आहे. ‘आय ॲम डूइंग एमबीए फ्रॉम जून’ म्हटले तर प्रवेशही झालेला असला पाहिजे. तीन वाक्ये, तीन निरनिराळ्या अवस्था. समोर बसलेल्या परीक्षकाने व्याकरण शिकलेले असो वा नसो, हा फरक त्याच्या कानाला कळतो. अमुक इतके गुण मिळवणारा मुलगा मुलाखतीत ‘ठाम वाटला नाही’ असा शेरा कधी कधी पडतो. त्याच्या मुळाशी इतकी बारीकशी गोष्टही असू शकते.

‘गोइंग टू’चा आणखी एक उपयोग म्हणजे डोळ्यांसमोरच्या खुणांवरून बांधलेला अंदाज. आभाळ भरून आले आहे, वारा सुटला आहे, तर ‘इट्स गोइंग टू रेन’. मराठीत अशा वेळी ‘पाऊस येणार!’ असे म्हणतो. ‘पाऊस येईल’ हे वेधशाळेच्या तोंडी शोभते, आणि इंग्रजीतही तिथे ‘विल’ येते. शिडीवर चढलेल्या पोराला आई ‘उतर, पडशील’ म्हणते, त्यात ‘उतरला नाहीस तर’ हे गृहीत आहे. इंग्रजीत ‘यू’ल फॉल’. तेच पोर प्रत्यक्षात झोकांडी खाऊ लागले की मराठीत ‘अरे, पडतोय हा!’ आणि इंग्रजीत ‘ही इज गोइंग टू फॉल!’

वर्तमानकाळाच्या चालू रूपाला मात्र एक अट आहे. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’ म्हणायला वेळ घेतलेली लागते; कोणाशी तरी बोलणे झालेले, काहीतरी नोंदलेले लागते. म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ असे होत नाही. पावसाची वेळ कोणी ठरवून घेतलेली नसते. मराठीतही ‘उद्या डॉक्टरांना भेटतोय’ चालते, ‘उद्या पाऊस पडतोय’ चालत नाही. साधा वर्तमानकाळ वेळापत्रकाच्या गोष्टींचा. डेक्कन क्वीन उद्या सकाळी सव्वासातला पुण्याहून ‘लीव्ज’. इथे कोणाची इच्छा नाही, निश्चय नाही, छापील कागद आहे. आपणही ‘उद्याची गाडी सव्वासातला सुटते’ असेच म्हणतो.

एवढे सारे जुळते म्हटल्यावर चुका होतात कुठे? जिथे जुळत नाही तिथे, आणि अशा जागा मोजक्या आहेत. पहिली जागा वचनाची. मराठी माणूस वचन वर्तमानकाळात देतो. ‘उद्या पैसे देतो’, ‘मी बघतो’, ‘सांगतो तुम्हाला’. देणेकऱ्याचे ‘उद्या देतो’ ऐकून पिढ्यान्‌पिढ्यांचे सावकार मुकाट परतले आहेत. हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की होते ‘आय गिव्ह यू टुमॉरो’, ‘आय टेल यू लेटर’, आणि ते अगदीच अशिक्षित वाटते. इथे ‘आय’ल’ हवेच. त्यातली गंमत अशी की इंग्रजी चित्रपटांत किंवा फोनवर आपण ते ‘आय’ल’ ऐकलेले असते, पण त्यातला पुसटसा ‘ल’ मराठी कानातून निसटतो आणि ‘आय टेल यू’च ऐकल्यासारखे होते. याच्या उलट, लिहिताना सावध असलेली मंडळी बोलतानाही ‘आय विल’ असे प्रत्येक अक्षर ठासून उच्चारतात. इंग्रजीत सुट्या, जोर दिलेल्या ‘विल’चा अर्थ ‘जाईन’ नसून ‘जाणारच’ असा होतो. वरिष्ठांशी बोलताना नम्रपणे ‘आय विल टेक लीव्ह ऑन मंडे’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्यक्षात ‘सोमवारी मी रजा घेणारच’ असे ठणकावलेले असते. त्या नम्रतेसाठी इंग्रजीत वेगळी रचना आहे: ‘आय वॉज होपिंग टू टेक मंडे ऑफ’. उद्याची रजा आणि क्रियापद भूतकाळात! अंतर राखले की अदब येते, ही कल्पना ‘एक विचारायचे होते’ अशी सुरुवात करणाऱ्या मराठी माणसाला नवी नाही.

दुसरी जागा ‘जेव्हा’ आणि ‘जर’ची. ‘व्हेन यू विल कम’ आणि ‘इफ इट विल रेन’ या दोन चुका भारतभर इतक्या पसरल्या आहेत की काही जणांना त्या चुका वाटतच नाहीत. इंग्रजीचा नियम असा की मुख्य वाक्यात ‘विल’ येऊन गेले की ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांच्या मागे ते पुन्हा लागत नाही. ‘व्हेन यू कम, आय’ल टेल यू’. एकदा सांगितले की गोष्ट उद्याची आहे, पुन्हा कशाला? मराठीने इथे आपल्याला दोन वाटा दिल्या आहेत. ‘तू येशील तेव्हा सांगेन’ ही एक, आणि ‘तू आलास की सांगेन’ ही दुसरी. पहिल्या वाटेने भाषांतर केले की ‘व्हेन यू विल कम’ ठरलेले. दुसऱ्या वाटेत मात्र क्रियापद चक्क भूतकाळी रूपात आहे, भविष्याचा मागमूस नाही. ‘पाऊस पडला तर येणार नाही’, ‘निकाल लागला की पेढे देऊ’, ‘साहेब आले की विचारतो’. आपली सहज बोली हीच आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनात ‘की’ आणि ‘तर’ असलेले मराठी वाक्य आणावे. ‘विल’ आपोआप गळून पडते. शिक्षकांनी वर्गात ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. इतक्या लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांना नियमाच्या परिभाषेपेक्षा आईच्या बोलण्यातला ‘की’ अधिक जवळचा आहे. अपवाद एकच. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’मध्ये ‘विल’ चालते, कारण तिथे ते आपल्या जुन्या अर्थाने, म्हणजे ‘तुमची तयारी असेल तर’ या अर्थाने आलेले असते.

विमानात ‘वुई विल बी लँडिंग शॉर्टली’ ऐकू येते. ‘विल बी’ आणि पुढे चालू रूप, ही रचना निश्चयही सांगत नाही आणि वचनही देत नाही. ठरल्याप्रमाणे गोष्ट आपसूक घडत जाईल एवढेच सुचवते. त्यामुळे ती विचारपूस करताना फार सोयीची. पाहुण्याला ‘विल यू स्टे फॉर डिनर?’ म्हटले तर तो आग्रह होतो. ‘विल यू बी स्टेइंग फॉर डिनर?’ म्हणजे नुसती चौकशी, स्वयंपाकाचा अंदाज घेण्यापुरती. ‘जेवून जा ना’ आणि ‘जेवायला असणार ना?’ यांत आपल्याकडे जो फरक आहे, तोच. ‘विल हॅव’ची रचना तुलनेने सोपी आहे. एखादे काम अमुक वेळेपर्यंत उरकलेले असेल असे सांगायला ती वापरतात, आणि ‘केलेले असेल’ हे मराठी रूप तिला तंतोतंत लागू पडते.

हे ‘असेल’ मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. रात्रीचे दहा वाजलेत, मुलगा कुठे आहे असे कोणी विचारले, तर आपण म्हणतो, ‘पोहोचला असेल आता घरी’. रूप भविष्याचे, गोष्ट घडून गेलेली. दारावर टकटक झाली की ‘दूधवाला असेल’. गोष्ट या क्षणाची. इंग्रजीही अगदी हेच करते. ‘ही’ल बी होम बाय नाऊ’, ‘दॅट’ल बी द मिल्कमन’. भविष्याचे रूप दोन्ही भाषांत मुळातच केवळ काळाचे नाही. जे डोळ्यांनी दिसत नाही पण मनाने धरून चालावे लागते, त्या सगळ्याचे ते रूप आहे. उद्या हा त्यातला मोठा भाग, एवढेच. क्वर्क किंवा हडलस्टन-पुलम यांनी ‘विल’ला काळाच्या खणातून काढून ‘मे’, ‘मस्ट’, ‘कॅन’ यांच्या पंगतीला बसवले, ते या कारणाने. मराठीच्या ‘-ईल’ प्रत्ययाविषयीही असाच विचार करता येतो.

निरोपाच्या वेळी होणारी फजितीही याच सदरातली. मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हाक मारली की जागचा न हलता ‘आलो, आलो!’ म्हणतो, भविष्यासाठी भूतकाळ वापरण्याइतकी आपली तत्परता. इंग्रजीत यांपैकी पहिल्यासाठी ‘आय’ल बी गोइंग, देन’ किंवा ‘आय शुड बी गोइंग’ आणि दुसऱ्यासाठी नुसते ‘कमिंग!’ पुरते. ‘आय केम, आय केम’ असे ओरडत जिना उतरणाऱ्याकडे इंग्रज यजमान गोंधळून पाहत राहील.

राहिला ‘गोइंग टू’चा भूतकाळ, ‘वॉज गोइंग टू’. ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’ हे वाक्य ऐकले की फोन केला गेला नव्हता हे सांगावे लागत नाही. ठरवलेले, पण न घडलेले असे जे काही असते, त्यासाठी ही रचना राखीव आहे. मराठीत तिचा जोडीदार ‘-णार होतो’, आणि त्याला आपण बहुधा एक ‘च’ही जोडतो. ‘तुलाच फोन करणार होतो’, ‘आज भरणारच होतो बिल’, ‘मी निघणारच होतो, तेवढ्यात पाहुणे आले’. भाषांतर करताना या ‘च’चे काय करायचे हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. इंग्रजीत त्याच्यासाठी ‘जस्ट’ आहे: ‘आय वॉज जस्ट गोइंग टू कॉल यू’. फोन मात्र दोन्हीकडे तितकाच राहून गेलेला असतो.